पैसा पहाणीवरच्या नावाला जातो



२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीने बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील तूर, उडीद, सोयाबीन पाण्यात गेले. अशी मदत जाहीर झाली की गावोगाव एकच तक्रार ऐकू येते : "पेरले आम्ही, पैसा मात्र दुसऱ्याच्या खात्यावर!" असे का होते, हे आज समजून घेऊ.

सरकारी पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो.

१) पी. एम. किसान : २०१९ साली सुरू झालेली योजना. वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत. जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर असावी लागते. वारसाने आलेल्या जमिनीला मात्र ही अट नाही.

२) पीकनुकसानीची मदत : केंद्राच्या २०२२-२६ च्या दरांप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० व बागायतीला १७,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. नुकसान किमान ३३ टक्के हवे. २०२५ च्या पुरानंतर राज्य सरकारने हेक्टरी आणखी ८,५०० रुपये जाहीर केले.

३) पीक विमा : खरिपाच्या धान्य, डाळी व गळिताच्या पिकांना शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के. गारपिटीने किंवा पाणी साचून आपल्याच शेताचे नुकसान झाले, तर ७२ तासांत १४४४७ या क्रमांकावर कळवावे.

पहिल्या दोन्ही वाटा पहाणी, आधार व बँक खाते यांच्या जोडणीवर चालतात. ही जोडणी 'फ्रूट्स' नोंदणीत होते. ती रैत संपर्क केंद्रात करून घ्यावी. पहाणीवर वारलेल्या आजोबांचे नाव असेल तर पैसा कोणाच्या हाती येणार?

म्हणून पहिले काम वारसाच्या नोंदीचे, म्हणजे पौती खात्याचे. मृत्यूचा दाखला व वंशावळी घेऊन नाडकचेरीत अर्ज करावा. येथे विधवेला व मुलींना वगळू नये. मृत्युपत्र नसेल तर आपणा ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मुलेबाळे असल्यास विधवेला एक तृतीयांश, व उरलेले मुलगा-मुलगी सर्वांना सारखे. भावाने बहिणीकडून कोऱ्या कागदावर सही घेणे हा अन्याय आहे.

दुसरा प्रश्न बटईचा. कर्नाटकात १९७४ च्या दुरुस्तीपासून शेतजमीन खंडाने देण्यावर बंदी आहे. त्यामुळे बटई तोंडी चालते, व कागदावर कसणाऱ्याचे नावच नसते. बी, खत, मजुरी त्याची, मदत मालकाला. पीक विमा योजनेत बटईदारालाही जागा आहे, पण तिथेही पुरावा मागतात. तेव्हा पेरणीपूर्वीच चार वडीलधाऱ्यांसमोर ठरवावे : मदत आली तर ज्याचा जितका खर्च, त्याचा तितका वाटा. मदत बुडालेल्या पिकाची असते. ज्याचे पीक बुडाले त्याला ती पोचवणे हा मालकाचा धर्म आहे.

घरी बसून विचार करा :
(अ) आपल्या पहाणीवर आज कोणाचे नाव आहे?
(आ) आधार बँक खात्याला जोडले आहे का? पी. एम. किसानची ई-केवायसी झाली आहे का?
(इ) आपली जमीन कोणी कसत असेल, तर मदतीच्या वाटणीचे बोलणे झाले आहे का?

तिन्ही उत्तरे पेरणीआधी मिळवा. पूर आल्यावर कचेरीच्या रांगेत उभे राहून ती मिळत नाहीत.