विहिरीवरील मोटार तापू लागल्यास

दिवाळीनंतर गहू, हरभरा आणि कांद्याच्या पाणीपाळ्या सुरू झाल्या की मोटारी भरून देणाऱ्यांच्या दुकानात जळालेल्या मोटारींची रांग लागते. यांपैकी पुष्कळ मोटारी एका दिवसात जळालेल्या नसतात. त्या आधीपासून तापत असतात, स्टार्टर वारंवार पडत असतो आणि प्रत्येक वेळी हिरवे बटण दाबून त्या पुन्हा चालविल्या जातात. स्टार्टर पडणे ही कटकट नव्हे, ती सूचना आहे. ती वेळीच ओळखली तर मोटार भरण्याचा खर्च आणि ऐन पाळीतील खोळंबा, दोन्ही टळतात.

मोटार चालताना गरम होणारच. पूर्ण भारावर चालणाऱ्या चांगल्या मोटारीच्या अंगावरही हात फार वेळ ठेववत नाही, त्यामुळे केवळ हात लावून निदान करू नये. आपली मोटार रोज किती तापते, किती ॲम्पिअर घेते आणि कसा आवाज करते हे लक्षात ठेवावे आणि त्यात पडलेला फरक पाहावा. वॉर्निशचा जळका वास, घुमणारा आवाज किंवा दहा-पंधरा मिनिटांत पडणारा स्टार्टर, यांपैकी काहीही दिसल्यास मोटार लगेच बंद करावी. गुंडाळीचे तापमान मर्यादेपेक्षा दर १० अंश सेल्सिअसने वाढले की तिच्या आवरणाचे आयुष्य साधारण निम्म्याने घटते.

पहिला संशय फेजचा

तीनपैकी एक फेज गेला तर बंद मोटार सुरू होत नाही, नुसती घुमते. चालू मोटार मात्र चालतच राहते आणि उरलेल्या दोन फेजमधून सुमारे पावणेदोनपट प्रवाह ओढते. येथे एक फसगत होते. स्टार्टरची कॉइल शाबूत असलेल्या दोन फेजवर असेल तर स्टार्टर पडत नाही. चालू मोटार गेलेल्या फेजवरही स्वतःच दाब निर्माण करते, म्हणून पंपघरातील तिसरा दिवा मिणमिणता का होईना लागलेला दिसतो. ॲमीटर बहुधा एकाच फेजवर असतो, तोही पूर्ण चित्र दाखवीत नाही. यासाठी दिवे व व्होल्टमीटर मोटार सुरू करण्यापूर्वी पाहावेत आणि चांगल्या प्रतीचा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घ्यावा.

दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटार चालविण्याची पद्धत गावोगाव दिसते. पीक वाळत असताना हा मोह होतो हे खरे, पण अशा वेळी गुंडाळीत प्रवाह समान राहत नाही आणि मोटार आतून तापते. पाणी एका पाळीचे मिळते, मोटार मात्र कायमची कमकुवत होते.

दाब कमी असल्यासही प्रवाह वाढतो. पट्टीवर ४१५ व्होल्ट लिहिलेल्या मोटारीला ३५० च्या खाली चालवू नये. फीडरवर वीज येताच ऑटो स्विचमुळे सर्व पंप एकदम सुरू होतात, तेव्हा दाब आणखी पडतो. ऑटो काढून ठेवावा आणि शेजाऱ्यांनी आपसांत वेळा वाटून घ्याव्यात.

वीज ठीक असेल तर पंपाकडे वळावे. विहीर तुडुंब असताना मोटार जास्त तापते, हे अनेकांना नवल वाटते. साध्या सेंट्रिफ्युगल पंपाला पाणी कमी उंचीवर चढवायचे असले की तो जास्त पाणी फेकतो आणि त्यामुळे मोटारीवर जास्त भार येतो. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून ॲमीटर पट्टीवरील आकड्याच्या आत आणावा. ५ अश्वशक्तीच्या मोटारीसाठी हा आकडा साधारण साडेसात ॲम्पिअर असतो.

यानंतर मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत आणि ते खिशात ठेवावेत, म्हणजे दुसरा कोणी चुकून मोटार सुरू करणार नाही. मग पंपाचा दांडा हाताने फिरवून पाहावा. तो जड फिरत असेल तर ग्लँडची दोरी जास्त आवळलेली असते किंवा बेअरिंग गेलेले असते. ग्लँडमधून थेंबथेंब पाणी गळालेच पाहिजे. पंख्याच्या जाळीतील कचरा व अंगावरील मातीचा थर काढावा. बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरू नये, जादा ग्रीसनेही ते तापते.

हात कोठे थांबवावा

वर सांगितलेली कामे आपली. वीज चालू असताना स्टार्टर उघडणे आपले काम नव्हे. मेन स्विच बंद केला तरी त्याच्याकडे येणाऱ्या तारा जिवंतच असतात. ओव्हरलोड रिलेचा आकडाही परवानाधारक वायरमनकडूनच लावून घ्यावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा गुंडाळीच्या प्रवाहावर असतो, म्हणून तो पूर्ण प्रवाहाच्या सुमारे ५८ टक्क्यांवर लावतात. १० अश्वशक्तीची मोटार १४ ॲम्पिअर घेत असेल तर रिले ८ च्या जवळपास हवा. पट्टी वाचून तो १४ वर नेला तर तो पडणारच नाही आणि मोटार जळेल. फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घालणे हाही असाच घातक उपाय आहे.

मोटारीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी काम थांबवावे. आवरण फुटलेले असते किंवा अर्थिंग तुटलेले असते. वायरमनने मेगरने तपासून आवरणाचा रोध किमान एक मेगाओहम असल्याची खात्री केल्याशिवाय बटण दाबू नये.

रोहित्रावरील डीओ उडाला असेल तर खांबावर कोणीही चढू नये, मग तो गावातला कितीही हुशार मुलगा असो. एका बाजूची वीज बंद दिसली तरी दुसरीकडून ती उलट येऊ शकते. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून लाइनमनची वाट पाहावी.

पाणबुडी मोटार सभोवतालच्या वाहत्या पाण्याने थंड राहते. पाणी खाली गेल्यास किंवा मोटार गाळात रुतल्यास ती वर काहीच न कळता तापते. म्हणून तिच्यासाठी कोरडी चालताच बंद करणारे यंत्र आवश्यक आहे.

इतके करूनही मोटार जळालीच तर ती भरायला टाकताना जुनी गुंडाळी फेकण्यापूर्वी स्वतः पाहावी. गुंडाळीचे काही गट काळे व काही कोरे असतील तर एक फेज गेला होता. सगळी गुंडाळी सारखी काळवंडली असेल तर जास्त भार, कमी दाब किंवा हवा न मिळणे हे कारण असते. एकाच ठिकाणी डाग असेल तर बहुधा पाणी शिरले असावे किंवा आवरण तेथे घासले गेले असावे. ते कारण दूर होईपर्यंत भरलेली मोटार विहिरीवर जोडू नये.