पाचशे डॉलरच्या आतलं जुनं रिव्हॉल्व्हर

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाने जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं, तर किमतीच्या आधी स्वतःचा व्हिसा पाहावा. एच-वन-बी, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगायला तिथल्या केंद्रीय कायद्याची बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना हा तिचा प्रमुख अपवाद. ग्रीन कार्डवाले आणि नागरिक घेऊ शकतात. मात्र परवानाधारक दुकानदाराकडून हँडगन घ्यायला वय २१ लागतं, शिवाय न्यू जर्सी, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत आधी परमिट काढावं लागतं. सुट्टीत येताना ते भारतात आणण्याचा विचार करू नका. परवान्याशिवाय शस्त्र आयात करणं हा इथे गुन्हा आहे.

आता खरेदी. पहिलं रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १० असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. १८९९ मध्ये ‘मिलिटरी अँड पोलीस’ या नावाने ते निघालं आणि १९५७ मध्ये त्याला १० हा क्रमांक मिळाला. साठ लाखांच्या वर नग बनले, म्हणूनच ते आवाक्यात राहिलं. पोलीस खात्यांनी पिस्तुलं घेतली आणि ही जुनी हत्यारं व्यापाऱ्यांना विकून टाकली. साधारण ३५० ते ५०० डॉलरला चांगला नग मिळतो. होल्स्टरमध्ये वर्षानुवर्षं घासून नळीच्या टोकाचा निळसर रंग उडालेला असतो, पण आतली यंत्रणा बहुधा घट्ट असते; शिपायाने ते कमरेला खूप बाळगलेलं असतं, झाडलेलं कमी. रंग उडाल्यामुळे कमी झालेली किंमत हाच आपला फायदा.

त्याहून स्वस्त हवं असेल तर आयव्हर जॉन्सन आणि हॅरिंग्टन अँड रिचर्डसन यांची मधून मोडणारी छोटी रिव्हॉल्व्हरं १०० ते २५० डॉलरला मिळतात. अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर १९०१ मध्ये झाडलेलं रिव्हॉल्व्हर आयव्हर जॉन्सनचंच होतं. सुरुवातीची ही हत्यारं जुन्या काळ्या बंदुकीच्या दारूसाठी बनलेली. आजची काडतुसं त्यांत घालू नयेत. ही रिव्हॉल्व्हरं कपाटात ठेवून पाहण्यासाठी घ्यावीत. १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र केंद्रीय कायद्यानुसार ‘अँटिक’ ठरतं आणि ते घ्यायला दुकानदाराचे सोपस्कार लागत नाहीत, पण राज्याचा नियम वेगळा असू शकतो.

रशियन नगांट एके काळी शंभर डॉलरच्या आसपास मिळे. आता तो भाव विसरा. त्याची काडतुसंही सहज मिळत नाहीत. ब्रिटिश वेब्लीचं आकर्षण मराठी वाचकाला जास्त वाटेल, कारण कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच घाटाचं आहे. पण अमेरिकेत आलेल्या अनेक .४५५ वेब्लींचं सिलिंडर मागून तासून .४५ एसीपी काडतुसासाठी केलेलं असतं. त्या काडतुसाचा दाब मूळ हत्याराला झेपणारा नाही. असा नग स्वस्त दिसला तरी सोडा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला गेलेल्या स्मिथ अँड वेसन ‘व्हिक्टरी’चंही तेच: मूळ .३८ एस अँड डब्ल्यूचं भोक नंतर .३८ स्पेशलसाठी लांबवलेलं आढळतं, आणि त्यात काडतुसाचं कवच फुगतं किंवा तडकतं.

दुकानात हत्यार हातात घ्यायच्या आधी परवानगी घ्या, सिलिंडर उघडून ते रिकामं असल्याची स्वतः खात्री करा, आणि मग वेळ काढा. घोडा अगदी सावकाश मागे ओढा. तो अडकण्याआधी सिलिंडर जागच्या जागी पक्कं बसलं पाहिजे. सिलिंडरमधल्या काडतुसाच्या प्रत्येक घरासाठी हे करून पाहा. सिलिंडर पुढे-मागे हललं तर झीज आहे. घोडा मागे अडकलेला असताना अंगठ्याने पुढे रेटला आणि तो निसटला, तर ते हत्यार परत ठेवून द्या. नळीच्या मागच्या तोंडाला तडा आहे का, हे टॉर्चने बघा. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर कोणी तरी हौशी माणूस आत गेलेला आहे. सगळं चकचकीत, पण कडा गोल झालेल्या आणि अक्षरं पुसट, म्हणजे पॉलिश करून पुन्हा रंगवलेलं. कोल्ट घेताना ही तपासणी दुप्पट कडक हवी. त्याची जुनी यंत्रणा जुळवून देणारे कारागीर कमी आणि महाग.

लेबलावरच्या आकड्यावर खर्च थांबत नाही. दुसऱ्या राज्यातून मागवलं तर ते सहसा परवानाधारक दुकानदारामार्फत येतं आणि तो हस्तांतराचे २५ ते ५० डॉलर घेतो. पन्नास वर्षांहून जुनी शस्त्रं जमवणाऱ्यांसाठी ‘क्युरिओ अँड रेलिक’ परवाना आहे: तीन वर्षांचे ३० डॉलर. हस्तांतराचे पैसे वाचत असल्याने वर्षाला दोन-तीन नग घेणाऱ्याचा तो खर्च लगेच वसूल होतो. .३८ स्पेशलच्या ५० काडतुसांचा डबा २५ ते ३५ डॉलरला. घरात मुलं असोत-नसोत, कुलूपबंद पेटीचे पैसे बाजूला काढूनच हत्याराचा भाव ठरवा. पाचशेचं बजेट असेल, तर रिव्हॉल्व्हरवर चारशेच्या वर जाऊ नका.