माळावरचा गवई

रायगड जिल्ह्यात अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर काशीद नावाचे गाव आहे. तेथील शुभ्र वाळू, सुरूची झाडे आणि फेसाळणाऱ्या लाटा पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. समुद्र पाहून झाला की बहुतेक जण माघारी फिरतात. परंतु समुद्राकडे पाठ करून पूर्वेकडे दृष्टी टाकली, तर हिरवे डोंगर दिसतात. त्या डोंगरांत फणसाडचे अरण्य आहे. एके काळी ते जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. १९८६ साली शासनाने त्याला अभयारण्य म्हणून घोषित केले. दाट झाडीच्या अधूनमधून या भागात खडकाळ, गवताळ माळ पसरलेले आहेत. अशा माळावर राहणाऱ्या एका चिमुकल्या गवयाची ओळख आज आपणांस करून घ्यावयाची आहे. त्याचे नाव चंडोल.

चंडोल दिसावयास काही देखणा नव्हे. आकाराने तो चिमणीहून थोडा मोठा. रंग मातकट, अंगावर गडद तपकिरी रेघा आणि डोक्यावर एक टोकदार शेंडी. जमिनीवर तो चिमणीसारखा टुणटुण उड्या मारीत नाही, तर पावले टाकीत तुरुतुरु चालतो. ढेकळांत तो स्तब्ध बसला, तर दहा पावलांवरूनही आपल्या दृष्टीस पडणार नाही. त्याचा हा साधा वेषच त्याचे चिलखत होय. आकाशात घिरट्या घालणाऱ्या शिकाऱ्याच्या तीक्ष्ण दृष्टीलाही तो सहजासहजी सापडत नाही.

परंतु हाच साधा पक्षी गाऊ लागला की सारा माळ भारून जातो. कधी तो एखाद्या खडकावर बसून गातो, तर कधी गात गातच आकाशात चढतो. रानातील पक्ष्याला उंच झाडाचा शेंडा मिळतो. माळावर तशी उंच जागा कोठून मिळणार? म्हणून चंडोलाने आकाशालाच आपले व्यासपीठ केले आहे. उंचावरून गायिलेले गाणे दूरवर ऐकू जाते. 'ही जागा माझी आहे' असे ते इतर नरांना बजावते आणि मादीला साद घालते. आपल्याला जे केवळ मधुर वाटते, ते त्याच्या संसाराचे महत्त्वाचे काम असते.

हा संसारही जमिनीवरच थाटलेला असतो. गवताच्या ठोंबाच्या किंवा दगडाच्या आडोशाला उथळ खळगा पाहून त्यात गवताच्या काड्यांचे वाटीसारखे घरटे केलेले असते. मादी त्यात बहुधा दोन किंवा तीन ठिपकेदार अंडी घालते. गवताचे बी आणि किडे हे चंडोलाचे अन्न. पिलांना तर तो मुख्यत्वे किडेच भरवितो. म्हणजे तो नुसता गवई नव्हे, तर शेतकऱ्याचा सोबतीही आहे.

आता चंडोलाच्या कुळाची थोडी माहिती घेऊ. जगात चंडोलाच्या सुमारे शंभर जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य जाती आफ्रिकेत राहतात. कोकणातील या जातीला मलबारी चंडोल म्हणतात. १७८६ साली स्कोपोली नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने तिला शास्त्रीय नाव दिले. हा पक्षी गुजरातपासून केरळपर्यंतच्या पश्चिम किनाऱ्यावर व त्यालगतच्या डोंगराळ भागात आढळतो. भारताबाहेर तो कोठेही नाही. घाट चढून दख्खनच्या कोरड्या पठारावर गेलो, तर त्याचा एक शेंडीवाला भाऊबंद भेटतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३२ साली त्याची नोंद केली. म्हणून त्याला साइक्सचा चंडोल म्हणतात.

पक्ष्यांचे कूळ ठरविणे हे वाटते तितके सोपे काम नाही. तिरचिमणी नावाचा पक्षी चंडोलासारखाच मातकट व रेघारेघांचा असतो आणि माळावरच वावरतो. परंतु त्याचे खरे नाते धोबी पक्ष्याशी आहे. एकाच प्रकारच्या जागी राहून दोघांचा वेष सारखा झाला, एवढेच. चंडोल ओळखण्यासाठी शास्त्रज्ञांनी त्याचे पाय न्याहाळले. इतर बहुतेक गाणाऱ्या पक्ष्यांच्या पायाची मागची बाजू गुळगुळीत असते. चंडोलाच्या पायावर मात मागच्या बाजूसही खवले असतात. अलीकडे पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तुलना करता येऊ लागली, तेव्हा आणखी एक नवल उघडकीस आले. चंडोलकुळाचा सर्वांत जवळचा आप्त माळावरचा नसून युरोप-आशियातील बोरूच्या दलदलीत राहणारा एक काळ्या मिशांचा पक्षी आहे!

आफ्रिकेतील एका चंडोलाची गोष्टही अशीच आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील विस्तीर्ण गवताळ प्रदेशात तांबूस मानेचा एक चंडोल राहतो. वारुळावर किंवा खुंटावर बसून तो गोड शीळ घालतो. दूरदूरच्या देशांत पसरलेला हा पक्षी एकाच जातीचा आहे, असे दीर्घकाळ मानले जात होते. पण त्याचे रूप, गाणे व आनुवंशिक द्रव्य यांचा एकत्र अभ्यास करून शास्त्रज्ञांनी २०२४ साली दाखवून दिले की, एका नावाखाली अनेक जाती दडल्या होत्या. शास्त्रातील नावे म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. नवे ज्ञान मिळाले की ती बदलावी लागतात.

नाव बदलले म्हणून पक्ष्याचे काही बिघडत नाही. पण घर गेले तर तो जगणार कसा? माळाला आपण 'पडीक जमीन' म्हणतो. तेथे पीक नाही, मोठी झाडे नाहीत, तेव्हा ती जागा रिकामीच आहे, असे आपण समजतो. मग कोणी दगडासाठी ती खणतो, कोणी तेथे घरे बांधतो, तर कोणी उन्हाळ्यात गवताला काडी लावतो. कधी कधी सत्कृत्य म्हणून तेथे दाट झाडेही लावली जातात. वाळू व वारा अडविण्यास किनाऱ्यावर सुरूची झाडे उपयोगी पडतात, हे खरे. परंतु तीच माळावर दाटीने लावली, तर मोकळ्या गवतावर जगणाऱ्या चंडोलाला तेथून निघून जावे लागेल. वनातील पक्ष्यांना जसे वन, तसा माळावरच्या पक्ष्यांना माळ. काशीदच्या समुद्राचे कौतुक करणाऱ्यांनी या माळाचेही मोल ओळखले पाहिजे.

काशीदच्या उत्तरेस याच किनाऱ्यावर किहीम हे गाव आहे. रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. तेथे १९३० साली सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याचे दिवसचे दिवस निरीक्षण केले आणि त्याच्या संसाराविषयी अगदी नवी माहिती मिळविली. सुगरण काही दुर्मिळ पक्षी नव्हे. तो सर्वांनी पाहिला होता. सलीम अलींनी मात्र त्याला धीराने न्याहाळले. मुलांनो, तुमच्या गावाजवळही एखादा माळ असेल. तेथे पाऊल जपून टाका, कारण गवतात घरटे असू शकते. मग शांत उभे राहा आणि कान देऊन ऐका. जिला आपण रिकामी म्हणत होतो, ती जागा गात असल्याचे तुम्हांला आढळून येईल.

शब्दार्थ
व्यासपीठ – वक्त्याची किंवा गायकाची उंच बैठक. चिलखत – अंगरक्षणासाठी घालावयाचा पोलादी पोशाख. आप्त – नातेवाईक. बोरू – पाणथळ जागी वाढणारी वेतासारखी वनस्पती. सत्कृत्य – चांगले काम.

स्वाध्याय
१. चंडोलाचा साधा रंग त्याला कसा उपयोगी पडतो?
२. 'चंडोलाने आकाशालाच आपले व्यासपीठ केले आहे' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. तिरचिमणी व चंडोल सारखे दिसत असूनही ते एका कुळातील का मानले जात नाहीत?
४. माळावर दाट झाडे लावणे नेहमीच हिताचे असते काय? तुमचे मत सकारण लिहा.
५. वाक्यात उपयोग करा : माघारी फिरणे, साद घालणे, उघडकीस येणे, कान देऊन ऐकणे.
६. गावाजवळच्या माळावर किंवा मैदानावर सकाळी अर्धा तास थांबून दिसलेल्या पक्ष्यांची नोंद आपल्या वहीत करा.