तुझी छोटी गाडी मासिकात जायची तर

बाबू, माळ्यावरची तुझी आगगाडी आता न अडखळता धावते म्हणे, आणि तिच्यावर लेख लिहून छंदाच्या मासिकाला पाठवायचा बेत आहे. आपल्या गोव्याच्या सत्तरी तालुक्यात रूळ नाहीत, गाडी बघायची तर थिवी नाहीतर कुळे गाठावं लागतं. तरी वाळपईचं पोर रेल्वेवर लिहितंय याचं मला भारी कौतुक. थोडं ऐकून घे.

१. आधी त्या मासिकाचे पाचसहा जुने अंक वाच — इंग्लंडचं 'कॉन्टिनेन्टल मॉडेलर' ब्रिटनबाहेरच्या रेल्वेंना वाहिलेलं आहे, तिथे तुझं थिवी स्टेशनाचं मॉडेल चालेल. नुसत्या ब्रिटिश गाड्यांच्या मासिकात नाही.

२. लेखाआधी संपादकांना चार ओळींचं पत्र टाक — तसलाच लेख त्यांच्याकडे पडून असेल तर तुझी मेहनत वाचते. आणि एका वेळी एकाच दारात उभा राहा. दोघांनी एकच लेख छापला तर दोन्ही दारं बंद.

३. बांधतानाच फोटो काढत जा, प्लायवूड उघडं असताना, तारा लोंबत असताना — वाचकाला तेच बघायचं असतं, आणि माती चढली की ते गेलं. झाकलेलं काम अन् विसरलेलं नाव, मागून सापडत नाही.

४. मापाची गोष्ट स्वतःहून सांग. एचओ म्हणजे १:८७. तिचे बाजारातले रूळ १६.५ मिलिमीटरचे, ते युरोपच्या स्टँडर्ड गेजला बरोबर बसतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे त्या प्रमाणात १९.३ यायला हवा. तू १६.५ वर चालवतोस ना? मग सरळ लिही, 'सोयीसाठी तडजोड केली' — जाणकार पट्टी घेऊनच वाचतो. कुळ्याचा जुना मीटरगेज करायचा झाला तर १२ मिलिमीटरचे रूळ पुष्कळ जवळ येतात. मापं लपली, मान झुकली.

५. तुझं थिवी कोणत्या सालचं ते पहिल्याच परिच्छेदात सांग — तिथल्या कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरं झालं. १९९८ चं स्टेशन म्हणायचं आणि वर विजेच्या तारा, हे पहिल्याच फोटोत उघडं पडेल.

६. लाल मातीवर मात्र हात आखडू नकोस. चिऱ्याची भुकटी पातळ मलमलीतून गाळायची, वरून लोहचुंबक फिरवायचं, मगच पाणी घातलेल्या फेविकॉलनं बसवायची — त्या मातीत लोखंड असतं, कण मोटरीत शिरले तर इंजिन बसलं. ओली झाली की ती गडद होते, म्हणून रंग सुकल्यावरच ठरव. जर्मनीतल्या छंदिष्टाला सगळं विकत मिळतं, पण आपल्या खाणपट्ट्यातला हा लाल त्याच्या दुकानात नाही. यावर दोन पानं लिहिलीस तरी चालतील.

७. फोटोसाठी लेन्स फलाटापासून दोनेक सेंटिमीटर उंचीवर आण — १:८७ मध्ये फलाटावरच्या माणसाचे डोळे तेवढ्याच उंचीवर येतात. स्टँड लाव, छिद्र लहान ठेव, आणि आधी मऊ ब्रशनं धूळ झाड; कॅमेऱ्याला कोळिष्टक दोरखंडासारखं दिसतं.

८. फोटो व्हॉट्सॲपवरून धाडू नकोस — तिथे ते आक्रसतात, छापताना फुटतात. मूळ फायली, नंबर घालून, फोटोखालच्या ओळी वेगळ्या कागदावर.

९. रुळांचा आराखडा चौकटी आखून, मापानं काढ, आणि चढ लिही — कॅसलरॉक-कुळे घाटात ३७ ला १ चढ आहे, तुझा माळ्यावर त्याहून उभा असला तर असू दे, पण आकडा हवा.

१०. पुण्याला गेलास तर कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून ये, १९९८ पासून आहे — मांडणी बघणाऱ्याला कशी समजावायची ते तिथे कळतं.

११. मराठी मासिकाला युनिकोडमध्येच मजकूर दे — नाहीतर जोडाक्षरं फुटतात. दिवाळी अंक धरायचा तर गणेशचवथीची गडबड सुरू व्हायच्या आत पाठव.

१२. संपादकांनी कापलं तर रुसू नकोस, पण प्रूफ मागून आकडे पुन्हा तपास — १६.५ चं टिंब गळलं तर १६५ होतात.

१३. रंगांची नावं, दुकानं, पावत्या एका वहीत ठेव — अंक निघाला की कुणीतरी विचारणारच, तो लाल कुठून आणला.