दोघांची दिवाळी

दिवाळी म्हटली की भरलेले घर डोळ्यांसमोर उभे राहते. पहाटे बंबात तापणारे पाणी, उटण्याचा सुगंध, न्हाणीघराच्या दारात आपल्या पाळीची वाट पाहत कुडकुडणारी मुले आणि फराळाच्या ताटांभोवती बसलेल्या तीन पिढ्या, हेच या सणाचे रूढ चित्र होय. परंतु ज्या घरातील मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर गेली आणि मागे केवळ दोन वृद्ध माणसे उरली, त्या घरी दिवाळी कशी येते? पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत हा प्रश्न आज कित्येक उंबरठ्यांवर उभा आहे.

हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. १८८५ च्या सुमारास नीरा नदीचा डावा कालवा वाहू लागला आणि कोरड्या माळावर ऊस डोलू लागला. पुढे माळेगाव, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. त्यांच्यामागून शाळा व महाविद्यालये आली. आईबापांनी उसाच्या पैशातून मुलांना शिकविले आणि शिकलेली मुले पुण्यास, मुंबईस, कोणी परदेशी गेली. ज्या पाण्याने घरे भरली, त्याच पाण्याने ती अशा रीतीने रिकामीही केली. हा कोणाचा अपराध नव्हे. ते आईबापांच्याच कष्टांचे फळ आहे. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षे व त्यावरील वयाच्या भारतीयांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लक्ष भरली. तेव्हा ही गोष्ट दोन तालुक्यांपुरती नाही, हे उघड आहे.

दसरा उलटला, की अशा घरातील गृहिणीच्या तोंडून एक वाक्य बाहेर पडते : "अहो, यंदा चकल्या नकोच म्हणते मी. खाणार कोण?" यावर यजमान वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणतात, "तुला झेपत नसेल, तर राहू दे." वाक्य चकल्यांविषयी असले, तरी दुःख चकल्यांचे नसते. यंदा चकल्या राहतात. पुढील वर्षी आकाशकंदील माळ्यावरून खाली येत नाही. त्यापुढील वर्षी पहाटे उठावयाचेही कारण उरत नाही. सण एकदम सुटत नाही, तो असा एकेका पायरीने सुटतो. आणि त्याच्याबरोबर माणसाचे शेजारीपाजारी जाणे-येणेही कमी होत जाते. म्हणून 'कोणासाठी करावयाचे?' हा प्रश्न वरवर साधा दिसला, तरी त्याचे उत्तर शोधणे अगत्याचे आहे.

हे उत्तर दिवाळीच्या रचनेतच सापडते. वसुबारस ही गाय-वासरांची. धनत्रयोदशीस कणकेचा दिवा दक्षिणेकडे ज्योत करून ठेवतात, तो यमासाठी. नरकचतुर्दशीस सूर्योदयापूर्वी घरातील प्रत्येकाने अभ्यंगस्नान करावयाचे. अमावास्येस लक्ष्मीची पूजा होते आणि घर झाडणाऱ्या केरसुणीलाही हळदकुंकू वाहिले जाते. पाडवा पतिपत्नींचा आणि भाऊबीज बहीणभावांची. मुलांसाठीच राखून ठेवलेला असा एकही दिवस या मालिकेत नाही. मुलांच्या किलबिलाटाने सणाचा आनंद शतगुणित होतो, हे खरे. परंतु सणाचा पाया त्यांच्या उपस्थितीवर घातलेला नाही.

भरल्या घरात पाडव्याचे औक्षण पुष्कळदा घाईगर्दीत उरकले जाते. पाहुण्यांची उठबस, मुलांचे हट्ट, जावयांचे मानपान यांतून निरांजन ओवाळण्यास जेमतेम दोन क्षण मिळतात. चाळीस वर्षांच्या संसारानंतर घर शांत झाले, की तो दिवस खऱ्या अर्थाने त्या दोघांचा होतो. अभ्यंगस्नानाचेही तसेच. जन्मभर इतरांच्या पाठीला तेल लावणाऱ्या हातांना स्वतः तेल लावून घेण्याची सवय नसते. त्या हातांना आता संधिवाताने ग्रासले असेल, तर तेलाची वाटी यजमानांनी उचलावी, यात गैर काय आहे?

भाऊबीज तर वयाची अट जाणत नाही. सत्तरी-पंचाहत्तरीचा भाऊ इंदापुराहून बारामतीस बहिणीकडे निघतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने ती परकर नेसणारी धाकटी बहीणच असते. पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना राज्य परिवहनाच्या एस.टी.तून विनामूल्य प्रवास करण्याची सवलत ऑगस्ट २०२२ पासून मिळाली आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या भाड्याची. अशा सवलतींनी म्हातारपणीही माहेरची वाट जवळ आली.

याच तालुक्यांत आणखी एक दोघांची दिवाळी साजरी होते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होताना बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार येथे येतात. त्यांच्या व्यवहारात पतिपत्नींच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. २०२३ साली अधिक श्रावणामुळे दिवाळी उशिरा आली. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते आणि गाळप १ नोव्हेंबरलाच सुरू झाले. त्यामुळे पुष्कळ कामगारांना पणती लावावी लागली ती उसाच्या फडाजवळील कोपीच्या दारात, आणि गावाकडे त्यांच्या वृद्ध आईबापांनी ती लावली मुलांवाचून. २०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि गाळपाचा प्रारंभ १५ नोव्हेंबरला झाला. तेव्हा सण घरी करून निघणे शक्य झाले. शिकलेला मुलगा रजेअभावी येत नाही, कष्टकरी मुलगा कोयत्यापायी राहू शकत नाही. दोन्ही घरच्या आईबापांचा उंबरठा मात्र सारखाच सुना असतो.

आणि ज्या घरी दोघांपैकी एकच मागे राहिले, तेथे काय? येथे पाडव्याचा दिवस जड जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. विधवा स्त्रीस तर रूढीनेच कुंकवापासून व औक्षणापासून दूर ठेवले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने विधवांच्या वाट्यास येणाऱ्या अपमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. एकटेपणा दैवाने येतो. परंतु त्यावर बहिष्काराची भर समाज घालतो. पहिल्यावर आपला इलाज नसेल, दुसऱ्यावर निश्चित आहे.

याचा अर्थ मुलांनी येऊ नये, असा मुळीच नव्हे. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकणारा कायदा भारतात २००७ साली झाला. परंतु पहाटे दार उघडताच समोर मुलगा उभा दिसावा, ही इच्छा कोणताही कायदा पुरवू शकत नाही. अमेरिकेतील नातीचा चेहरा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसतो. येथे पहाट असते, तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. ते दर्शन सुखाचे खरे, पण तिच्या हातात करंजी देता येत नाही, ही उणीव राहतेच. ही उणीव मान्य करूनही सण करणे, यातच वृद्धपणाचे धैर्य आहे.

तेव्हा त्या माउलीने पायलीभर नव्हे, पण वाटीभर भाजणी अवश्य भिजवावी. खाणारे शोधावे लागत नाहीत. भिंतीपलीकडे परीक्षेसाठी राहिलेला विद्यार्थी असतो, दवाखान्यात रात्रपाळीस निघालेली परिचारिका असते, फडावर आईची वाट पाहणारी लहान मुले असतात. शिवाय शेजारी गेलेले फराळाचे ताट रिकामे परत करावयाचे नाही, ही आपल्याकडील जुनी रीत आहे.

अभ्यास

१. "खाणार कोण?" या प्रश्नामागे कोणते दुःख दडलेले आहे?
२. 'ज्या पाण्याने घरे भरली, त्याच पाण्याने ती रिकामीही केली.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. दिवाळीचा प्रत्येक दिवस कोणासाठी आहे, ते क्रमाने सांगा.
४. तुमच्या शेजारी एकटे राहणाऱ्या आजी-आजोबांना भेटा आणि त्यांच्या लहानपणच्या दिवाळीविषयी दहा ओळी लिहा.