नव्या विश्वासणाऱ्याला सोबत द्या

शौल यरुशलेमास आला तेव्हा शिष्य त्याला भ्याले. कालपर्यंत छळ करणारा आज भाऊ म्हणवतो, यावर विश्वास कसा ठेवायचा? बर्णबाने मात्र त्याला जवळ केले आणि प्रेषितांकडे नेऊन त्याची हकिकत सांगितली (प्रेषितांची कृत्ये ९:२६-२७). पुढे अंत्युखियात पुष्कळ लोक प्रभूकडे वळले, तेव्हा बर्णबाने तार्सास जाऊन शौलाला शोधून आणले. दोघांनी तिथे वर्षभर शिकवले. वर्षभर!

आपण नव्या विश्वासणाऱ्याच्या हाती पवित्र शास्त्र देतो आणि मोकळे होतो. पण रविवारी तो कोणाशेजारी बसतो? सणाच्या दिवशी घरच्यांना काय सांगावे या पेचात पडल्यावर कोणाला फोन करतो? अशा वेळी त्याला वाद घालायला शिकवू नका, आईवडिलांचा मान राखायला शिकवा. त्याच्याबरोबर मार्काचे शुभवर्तमान वाचा; सोळाच अध्याय आहेत. त्याला मोकळेपणाने प्रश्न विचारू द्या. उत्तर येत नसेल तर तसे सांगा, त्याने तुमचा मान कमी होत नाही.

आणि तो मागे फिरला तर? मार्क पंफुल्यातून परत गेला, म्हणून पौलाने त्याला पुन्हा सोबत घ्यायला नकार दिला. बर्णबा त्याला घेऊन कुप्रास गेला. काही वर्षांनी पौलानेच तीमथ्याला लिहिले की, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११).

तुमच्या संगतीत गेले काही आठवडे कोण दिसलेले नाही? त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि आजच त्याला भेटायला जा.