कांडी डायमध्ये घालण्याआधी

बाळ, आजवर तू अ‍ॅल्युमिनियम दाबत होतास, आता एझेड३१ हाती घेणार आहेस, म्हणून हे सांगतो. ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम, १ टक्का जस्त, बाकी मॅग्नेशियम. वजनाला फार हलकं, पण थंड असताना दाबलंस तर तडकतं. अ‍ॅल्युमिनियमच्या स्फटिकात थर सरकायला भरपूर वाटा असतात, मॅग्नेशियमच्या षट्कोनी रचनेत खोलीच्या तापमानाला त्या फारच थोड्या. तेव्हा अ‍ॅल्युमिनियमवर बसलेला हात इथे जसाच्या तसा चालवू नकोस.

व्लादिमीर सेगल यांनी सोव्हिएत काळात मिन्स्कला कांडी कोनात वळलेल्या डायमधून ढकलायची आपली ही पद्धत काढली. तिची खरी करामत अशी की कांडी वळणातून जाते, आतला माल कातरला जातो, तरी जाडी तेवढीच राहते. म्हणून तीच कांडी पुन्हा पुन्हा घालून, पासागणिक आतले कण बारीक करता येतात. रोलिंगमध्ये पत्रा पातळ होत जातो आणि तिथेच गाडी अडते.

ओतीव कांडी थेट डायमध्ये कधी घालू नये. तिचे कण फार जाडे असतात. आधी एक्स्ट्रुजन करून घे. होरिता आणि लँग्डन या संशोधकांच्या गटाने हीच वाट दाखवली आणि ती खरोखर उपयोगी आहे.

सगळ्यात जास्त जपायचं ते तापमान. थर्मोकपल डायमध्येच, वळणाच्या जवळ बसव. हीटरच्या डायलवरचा आकडा कांडीचा नसतो. पहिला पास २५० अंश सेल्सिअसच्या आसपास घे. कांडी साफ निघाली तर पुढच्या पासला थोडं खाली ये, मग आणखी खाली. कण एकदा बारीक झाले की सरकणं सोपं होतं, म्हणून नंतरचे पास कमी उष्णतेत सोसतात. वरच चिकटून राहिलास तर एका हाताने बारीक केलेले कण दुसऱ्या हाताने वाढवशील. कांडी तापायला लागेल तेवढाच वेळ द्यायचा, डायमध्ये ठेवून चहाला जायचं नाही. प्लंजर सावकाश चालव. भेगा बहुतेक वरच्या अंगाला दिसतात. दिसल्या की वेग कमी कर, बॅक प्रेशरची सोय असेल तर लाव, नाहीतर ९० ऐवजी ११० अंशांचा डाय घे. अशा डायमध्ये दर पासला काम कमी होतं, पण कांडी अखंड राहते.

प्रत्येक पासनंतर कांडी एकाच दिशेने ९० अंश फिरवायची. चार पासनंतर आतल्या मालाचा चौकोन मूळ आकारात परत येतो आणि कण सगळीकडून सारखे होतात. त्यासाठी मागच्या टोकावर खूण कर आणि वहीत त्याच क्षणी लिही. गरम कांडी चिमट्यात असताना कोणती बाजू वर होती हे कुणालाही आठवत नाही.

आता निकालाबद्दल. कण जितका बारीक तितकी ताकद जास्त, हे हॉल आणि पेच यांनी १९५१ ते १९५३ मध्ये मांडलं. एझेड३१ मध्ये मात्र कण बारीक होऊनही यील्डचा आकडा खाली आलेला दिसू शकतो. त्याने हबकून जाऊ नकोस आणि आकडा लपवू तर मुळीच नकोस. कातरण्यामुळे स्फटिकांचे थर सरकायला सोयीच्या कलाने वळतात. म्हणून कणांच्या आकाराबरोबर हा कल, म्हणजे टेक्स्चरही मोज. नमुना कांडीच्या मधल्या भागातून काप, दोन्ही टोकांना विकृती सारखी नसते.

आणि करवतीजवळ कीस साचू देऊ नकोस. मॅग्नेशियमचा कीस पेटला तर त्यावर पाणी कधीच टाकायचं नाही, पाण्याने आग भडकते. कोरड्या वाळूची बादली आधी हाताशी ठेव, मगच करवत सुरू कर.